अपत्यांमधील न्याय आणि गावातील मुलींचे शिक्षण

ह. नोमान बिन बशीर (र.) हे हिजरतीनंतर मदीनेतील अन्सारांच्या घरी जन्मलेल्या पहिल्या मुलांपैकी एक. पुढे ते कूफ्याचे राज्यपाल झाले. एकदा मिंबरवर उभे राहून त्यांनी श्रोत्यांना आपल्या बालपणातील एक हकीकत सांगितली. सहीह बुखारीच्या ‘हिबा’ म्हणजे देणगीच्या प्रकरणात ती नोंदलेली आहे. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली. आई, ह. अम्रा बिन्ते रवाहा (र.), यांनी सांगितले की प्रेषितांना (स.) साक्षी केल्यावाचून आपले समाधान होणार नाही. वडील प्रेषितांच्या (स.) सेवेत हजर झाले. प्रेषितांनी (स.) विचारले की असेच सर्व अपत्यांना दिले आहे काय. उत्तर ‘नाही’ असे आले, तेव्हा त्यांनी अल्लाहचे भय बाळगण्याची आणि अपत्यांमध्ये न्याय करण्याची ताकीद दिली. दुसऱ्या एका निवेदनात असेही आहे की अन्यायाच्या कामी साक्षी होण्यास त्यांनी नकार दिला. वडील घरी परतले आणि दिलेली देणगी त्यांनी परत घेतली.

मदरशात ही हदीस आम्ही सनदेसह शिकलो. अपत्यांमध्ये समानता राखणे वाजिब आहे की मुस्तहब, यावर इमामांचे मतभेद पाठ केले, परीक्षेत लिहिले. एक गोष्ट मात्र तेव्हा ध्यानात आली नाही. ही हदीस सांगणारा कोण आहे? ज्याला देणगी मिळाली आणि ज्याच्या हातून ती गेली, तोच. आपल्या हिताच्या विरुद्ध जाणारी गोष्ट त्यांनी लपवली नाही. ती मिंबरवरून सांगितली.

मीही दर शुक्रवारी मिंबरवर उभा राहतो. मुलींच्या शिक्षणावर अनेकदा बोललो आहे. परंतु आमच्या घरातील देणगीची गोष्ट मी तेथे कधी सांगितली नाही. वाचकहो, ती आज सांगतो.

आमचे गाव परभणी जिल्ह्यातील. गावात जिल्हा परिषदेची उर्दू शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल सहा किलोमीटरवर, मधे एक ओढा. माझी थोरली बहीण माझ्यापुढे एक वर्ष होती. सातवीत ती वर्गात पहिली आली. गणितात तर मास्तर तिची वही इतरांना दाखवत. त्या उन्हाळ्यात घरात फार चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. अब्बा एवढेच म्हणाले, “एवढ्या लांब तिला रोज नेणार कोण, आणणार कोण?” आई गप्प राहिली. जूनमध्ये शाळा उघडल्या आणि आपा घरीच राहिली. पुढच्या वर्षी मी सातवी झालो. माझे गुण तिच्यापेक्षा कमी होते. अब्बांनी एक शेळी विकली आणि तालुक्याच्या बाजारातून जुनी सायकल आणली. ती शेळी आपाने पाला घालून वाढवली होती. सायकल घरात आली त्या दिवशी फडके घेऊन ती पुसायलाही तीच बसली.

रस्ता तोच, ओढा तोच, अंतर तेच. मला सायकल मिळाली आणि तिला घर. त्या सायकलीवर मी दहावी झालो, मग मदरशात गेलो, आलिम झालो. इमामत करता करता मुक्त विद्यापीठातून मराठी घेऊन बी.ए. केले. हा लेख मी लिहू शकतो तो त्या सायकलीमुळे, आणि आपा तो सावकाश, एकेक शब्द जुळवत वाचेल, तेही त्या सायकलीमुळेच. तिचा निकाह सतराव्या वर्षी झाला. तीन वर्षांपूर्वी तिचे यजमान आजारी पडले तेव्हा रुग्णालयातले कागद ती मला फोनवर वाचून दाखवत असे. उर्दू ती अस्खलित वाचते. मराठीचे शासकीय शब्द तिला अडत. ‘संमतीपत्र’ हा शब्द तिने चार वेळा तोडून वाचला. मग विचारले, “भाई, याच्यावर सही करू की नको?” नंबरात मागे असलेल्या भावाला नंबरात पुढे असलेली बहीण हे विचारत होती.

अब्बांवर दोष ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. अल्लाह त्यांना मग्फिरत देवो. त्यांनी आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नाही, नमाज चुकवली नाही. येथे मला जे नोंदवायचे आहे ते वेगळेच. आपाला घरी ठेवताना त्यांनी धर्माचे नावही घेतले नव्हते. त्यांनी अंतर सांगितले, ओढा सांगितला, सोबतीची अडचण सांगितली. दहा वर्षांनी एका पाहुण्याने विचारले, तेव्हा मात्र त्यांचे उत्तर बदलले होते. ते म्हणाले, “आपल्यात मुलींना इतके शिकवत नाहीत.” अंतराची अडचण विस्मरणात गेली आणि तिच्या जागी दीन येऊन बसला. इमाम म्हणून मी गेली काही वर्षे ज्या ज्या घरी या विषयावर बोललो, तेथे बहुधा हाच क्रम आढळला. आधी रस्ता आडवा येतो. मग त्या रस्त्यावर आपण शरीअतची पाटी लावतो. ज्याने ज्ञानाला फर्ज ठरवले त्या दीनवर याहून मोठा आळ कोणता?

अडचणी खोट्या नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना पहिली ते आठवीचा हक्क दिला. महाराष्ट्राच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे आहे. त्यापुढे कायदा थांबतो. नेमक्या त्याच वयात मुलगी मोठी होते. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण महाराष्ट्रातील पुरुषांची साक्षरता ८५ टक्क्यांच्या आसपास होती, तर स्त्रियांची ६८ टक्क्यांच्या थोडी पुढे. एकाच घरात, एकाच छपराखाली राहणाऱ्यांमध्ये हे अंतर आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचा विवाह अठराच्या आत झाला, त्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के निघाले. आमच्या परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के होते. हे आकडे केवळ मुस्लिमांचे नाहीत. सर्व समाजांचे आहेत. पण या जिल्ह्यातील निकाह लावणाऱ्यांत मीही एक आहे, तेव्हा आकडा इतरांचा म्हणून बाजूला सारता येत नाही.

न्या. सच्चर समितीचा २००६ चा अहवाल आपल्या बैठकांत वारंवार उच्चारला जातो. सहा ते चौदा वयोगटातील चारपैकी एक मुस्लिम मूल शाळेत कधी गेलेच नाही किंवा शाळा सोडून बसले, हे त्यातील वाक्य सर्वांना ठाऊक आहे. त्याच अहवालाने असेही नोंदवले की मुस्लिम स्त्रियांत आणि मुलींत शिक्षणाची ओढ मोठी आहे. जवळ शाळा नसणे, मुलींची वसतिगृहे नसणे, स्त्री शिक्षिका नसणे या त्यांच्या वाटेतील अडचणी आहेत. हे दुसरे म्हणणे आपल्या बैठकांत क्वचितच ऐकू येते. पहिले ऐकून शासनाला बोल लावता येतो. दुसरे ऐकले तर आपल्यालाही काही काम लागते.

ज्याची चर्चा होत नाही अशी एक अडचण भाषेची आहे. गावातली उर्दू शाळा सातवीला संपते आणि जवळचे हायस्कूल मराठी माध्यमाचे असते. मुलगा एसटीने तालुक्याच्या उर्दू हायस्कूलला जातो. मुलीपुढे दोनच वाटा उरतात, घर किंवा मराठी शाळा. सात वर्षे उर्दूतून शिकलेली मुलगी आठवीत एकदम मराठीतून विज्ञान आणि इतिहास वाचू लागते. पहिल्या चाचणीत नापास होते. मग घरचे म्हणतात, हिला अभ्यास झेपत नाही. झेपत नाही ती भाषा. अक्कल जिथल्या तिथे असते. उर्दू आपली आहे, दीनी ग्रंथांची किल्ली आहे, ती सोडा असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या मुलीची पुढची शाळा मराठी असणार हे आपल्याला पहिलीपासूनच ठाऊक आहे, तिला मराठीचे चांगले वाचन-लेखन लहानपणीच दिले पाहिजे. बी.ए.ला मराठी घेतले तेव्हा एका बुजुर्गांनी विचारले होते, “मौलाना, हे कशासाठी?” त्यांच्याच नातीला गेल्या वर्षी मी मराठीचे धडे दिले. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

दुसरी अडचण कापसाची. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होते. आई शेतात जाते, म्हणून धाकटी भावंडे, पाणी आणि स्वयंपाक मुलीकडे येतो. किंवा तीही वेचणीला जाते. शाळेच्या हजेरीपटावर त्या दोन महिन्यांत मुलींच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा दाटतात. मुलगा त्याच घरातून डबा घेऊन शाळेला निघतो आणि हे कुणाला खटकत नाही.

तिसरी अडचण पुरुष बोलत नाहीत, इमाम तर मुळीच बोलत नाहीत. मुलीला मासिक पाळी सुरू होते, शाळेचे स्वच्छतागृह कुलूपबंद असते किंवा तेथे पाणी नसते, म्हणून ती दर महिन्याला चार दिवस घरी राहते आणि वर्षाअखेर मागे पडते. हयेमुळे हा विषय टाळावा असे कुणाला वाटल्यास त्यांनी ह. आयेशा (र.) यांचे निवेदन आठवावे. सहीह मुस्लिममध्ये ते आले आहे. पाळीनंतरच्या स्नानाविषयी विचारायला आलेल्या प्रश्नांच्या संदर्भात त्यांनी अन्सारी स्त्रियांची वाखाणणी केली, ती या कारणाने की दीन समजून घेण्याच्या आड त्यांनी लज्जा येऊ दिली नाही. ज्या मुलींना प्रश्न विचारण्याची मुभा तेव्हा होती, त्यांच्या लेकींच्या शाळेत पाण्याची टाकी भरलेली आहे का, एवढे विचारण्याची लाज शाळा व्यवस्थापन समितीतील बापाने का बाळगावी?

आता दीनच्या नावाने जे सांगितले जाते ते तपासून पाहू.

ज्ञान मिळवणे प्रत्येक मुस्लिमावर फर्ज आहे, ही हदीस इब्ने माजामध्ये ह. अनस (र.) यांच्याकडून आली आहे. आपल्याकडे मदरशांच्या भिंतींवर ती ‘मुस्लिम आणि मुस्लिमा’ अशा दोन शब्दांनी रंगवलेली असते. इमाम सखावी यांनी दाखवून दिले आहे की ‘मुस्लिमा’ हा शब्द हदीसच्या कोणत्याही सनदेत नाही, पण अर्थाने तो बरोबर आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण एका गृहस्थाने मला ऐकवले होते की तो शब्द नंतरचा आहे, म्हणून हुकूम पुरुषांचा आहे. नमाज, रोजा, जकात यांचे हुकूमही पुल्लिंगी शब्दांतच आले आहेत. मग त्या स्त्रियांना माफ आहेत का? अरबीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी याचे उत्तर देईल.

काही जुनी माणसे असे निवेदन सांगतात की स्त्रियांना लिहायला शिकवू नये. ते हाकिम यांच्या ग्रंथात आहे हे खरे. पण त्याच ठिकाणी इमाम जहबी यांनी ते रचलेले, म्हणजे बनावट, असल्याचा निर्वाळा दिला आहे. याउलट अबू दाऊदमधील हदीस पाहा. ह. शिफा बिन्ते अब्दुल्लाह (र.) या लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्री होत्या. त्यांनी प्रेषितपत्नी ह. हफ्सा (र.) यांना लिहिणे शिकवले. प्रेषितांनी (स.) ते पाहिले आणि एका आजारावरची दुआही त्यांना तशीच शिकवावी, असे शिफांना सुचवले. पुढे काय घडले? ह. अबू बक्र (र.) यांच्या काळात एकत्र केलेल्या कुरआनच्या प्रती त्यांच्यानंतर ह. उमर (र.) यांच्याकडे आणि त्यांच्यानंतर याच ह. हफ्सा (र.) यांच्याकडे राहिल्या. ह. उस्मान (र.) यांनी नकला करवून घेतल्या त्या तेथूनच मागवून. उम्मतने आपली सर्वांत मोलाची ठेव एका लिहायला शिकलेल्या स्त्रीच्या घरी ठेवली होती.

आम्ही हनफी आहोत, आम्हांला फिकह्चा दाखला द्या, असेही लोक म्हणतात. हनफी फिकह्चा ‘बदाइउस् सनाइ’ हा थोर ग्रंथ कोणाचा? अलाउद्दीन कासानी यांचा. निधन हिजरी ५८७. त्यांचे गुरू अलाउद्दीन समरकंदी यांची कन्या फातिमा स्वतः फकीह होती. घरातून फतवा बाहेर पडे तो बापाच्या आणि लेकीच्या सहीने. कासानी यांनी गुरूंच्या ग्रंथावर जे भाष्य लिहिले, तेच फातिमाच्या महरच्या रूपाने स्वीकारले गेले. निकाहानंतर फतव्यावर तिघांच्या सह्या येऊ लागल्या. आमचा मदरसा ज्या ग्रंथावर उभा आहे, तो एका शिकलेल्या मुलीचा महर आहे, हे मला पदवीच्या वर्षापर्यंत कुणी सांगितले नव्हते. दोष माझाही, कारण मीही विचारले नव्हते.

आता पुन्हा सायकलीकडे येतो. नोमान (र.) यांच्या हदीसवर बोलताना बहुतेक इमामांनी समानतेला मुस्तहब म्हटले आहे, इमाम अहमद यांच्याकडे ती वाजिब आहे. हनफींमध्ये देणगी देताना मुलगा आणि मुलगी यांना सारखेच द्यावे, हे इमाम अबू यूसुफ यांचे मत असून फतवा त्यावरच आहे. वारशाचे गणित येथे लागू होत नाही. यावर एक आक्षेप संभवतो. शिक्षणाचा खर्च म्हणजे देणगी नव्हे. तो नफका, म्हणजे पालनपोषणाचा खर्च आहे आणि नफका गरजेनुसार असतो, समान नव्हे. एका मुलाला चष्मा लागला म्हणून सर्वांना चष्मे घ्यावे लागत नाहीत. आक्षेप योग्य आहे. पण त्याने बापाची सुटका होत नाही, उलट तो अधिकच बांधला जातो. देणगी ऐच्छिक आहे, नफका कर्तव्य आहे. ज्ञानाची गरज मुलाला आहे आणि मुलीला नाही, हे सिद्ध केल्यावाचून एकाचा नफका रोखता येत नाही. आणि ज्ञान तर दोघांवर सारखेच फर्ज.

फिकह्च्या ग्रंथांत आणखी एक सवलत आहे. एखादे अपत्य विद्यार्जनात गुंतले असेल तर त्याला इतरांहून अधिक देण्यास हरकत नाही. याचाही आधार घेतला जातो. मुलगा शिकतो, म्हणून त्याच्यावर खर्च होतो. मुलगी घरी असते, म्हणून तिच्यावर होत नाही. पण तिला घरी बसवले कोणी? ज्याने तिची विद्या तोडली, त्यानेच विद्येच्या सवलतीचा लाभ मुलाला द्यावा, असे कोणत्याही फकीहाच्या मनात नसेल.

पाहुण्यांचा, शेजाऱ्यांचा आणि गेल्या महिन्यात खुद्द माझ्या मेहुण्यांचा प्रश्न प्रवासाचा होता. आपाची मुलगी यंदा सातवी झाली. त्यांच्याही गावात पुढे शाळा नाही, हायस्कूल पाच किलोमीटरवर. मेहुणे म्हणाले, “मौलाना, बाईमाणसाने महरमशिवाय सफर करू नये असा हुकूम आहे ना?” हुकूम आहे. पण सफर म्हणजे काय? स्त्रीने तीन दिवसांचा प्रवास महरमशिवाय करू नये, ही हदीस घेऊन आपल्या हनफी उलमांनी शरई सफरचे अंतर ठरवले. प्रचलित मापाने ते सुमारे ७७ किलोमीटर होते. याच अंतरावर आपण नमाज कसर करतो. मी मेहुण्यांना विचारले की शेतात जाताना तुम्ही कसर करता काय? ते हसले. हायस्कूल त्यांच्या शेताहून फार लांब नाही.

पण हसण्याने भीती जात नाही, आणि भीती खोटी नाही. ओढ्याजवळ टवाळ पोरे बसतात. बाप त्यांच्यामुळेच मुलीला घरी ठेवतो. येथे मला ह. अदी बिन हातिम (र.) यांची बुखारीतील हदीस आठवते. वाटमारीची तक्रार घेऊन एक माणूस आला असता प्रेषितांनी (स.) अदींना सांगितले की तुम्ही जगलात तर एकटी स्त्री हीरा शहरातून निघून काबागृहाचा तवाफ करील आणि तिला अल्लाहखेरीज कुणाचे भय नसेल, हे पाहाल. अदी (र.) यांच्या मनात लगेच शंका आली की मुलूख पेटवून देणारे तय कबिल्याचे लुटारू तेव्हा कुठे असतील. अदी स्वतः तय कबिल्याचे. पुढे त्यांनी तशी स्त्री डोळ्यांनी पाहिल्याची ग्वाही दिली. वाट सुरक्षित होणे ही खुशखबर म्हणून सांगितली गेली. स्त्रीला घरात ठेवून लुटारूंना वाट मोकळी करून देणे, हा उपाय तेथे नाही. ओढ्यावर बसणाऱ्या पोरांपैकी काही आपल्याच मोहल्ल्याची आहेत. त्यांचे बाप पहिल्या सफेत उभे असतात. मुलींच्या बापांना समजावण्याआधी मी या बापांकडे जायला हवे होते. उशीर झाला.

उसूलचा एक नियम मदरशातील प्रत्येक मुलाला पाठ असतो. ज्या गोष्टीशिवाय वाजिब पूर्ण होत नाही, ती गोष्टही वाजिब ठरते. नमाज वुजूशिवाय होत नाही, म्हणून पाणी शोधणेही कर्तव्य. पाणी दूर आहे म्हणून कुणी नमाज माफ करून घेत नाही. मग ज्ञान फर्ज असेल आणि ते सहा किलोमीटरवर असेल, तर त्या सहा किलोमीटरांची सोय करणे कोणाचे काम? एकट्या बापाला जमत नसेल तर जमातीचे. बुखारीच्या ‘इल्म’ प्रकरणात आहे की स्त्रिया प्रेषितांकडे (स.) तक्रार घेऊन आल्या. पुरुषांच्या गर्दीमुळे आम्हांला आपल्यापर्यंत पोहोचता येत नाही, आमच्यासाठी एक दिवस ठरवून द्या. त्यांनी दिवस ठरवून दिला आणि ते त्यांना उपदेश करायला गेले. जमेल तशा येत जा, असे सांगून त्यांना परत पाठवले नाही.

सोय कशी होते, तेही थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांना माहिती नसते. ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. आपाच्या वेळीही पास होता म्हणे, पण शाळेच्या वेळेला बसच नव्हती. पास असून उपयोग नाही, बसची वेळ बदलावी लागते. त्यासाठी मुख्याध्यापकांकडून मुलींची यादी घेऊन आगार व्यवस्थापकांकडे अर्ज करावा लागतो. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी निळ्या बसगाड्या धावतात, त्याच कार्यक्रमात मुलींना सायकलीही मिळतात. घरापासून फार दूर शाळा असेल तर कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये आहेत. ती निवासी असतात आणि त्यांत अल्पसंख्याक मुलींनाही राखीव जागा आहेत. पुढे महाविद्यालयात व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या, ठरावीक प्रवर्गांतील आणि आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरातील मुलींचे शिक्षण शुल्क राज्य शासनाने २०२४ पासून पूर्ण माफ केले आहे. आपल्या बिरादऱ्यांपैकी अनेक इतर मागास वर्गात मोडतात. जातीचा दाखला काढलेला नसतो म्हणून लाभ हुकतो. दाखला मुलाच्या नोकरीसाठी काढला जातो. त्याच दिवशी मुलीचाही काढावा.

या रमजानपूर्वी आम्ही मस्जिदीत असरनंतर पाऊण तास मराठी वाचनाचा वर्ग सुरू केला. पाचवी ते सातवीच्या मुली येतात, दाराशी त्यांच्या आया बसतात. चार आयांनी आता पाट्या मागवल्या आहेत. दोन जुम्मे मी मिंबरवरून हाच विषय घेतला आणि सायकलीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. अब्बांचे जुने मित्र पुढे बसले होते. त्यांच्यापैकी एकजण नमाजनंतर न बोलता निघून गेले. दुसऱ्याने थांबून विचारले, “तुझी आपा अजून गणित करते का?” मी सांगितले, गावातल्या बचत गटाचा हिशेब तीच ठेवते. उर्दूत.

मोहल्ल्यात यंदा सातवी झालेल्या नऊ मुली आहेत. सहा घरांनी दाखले काढून हायस्कूलला अर्ज भरले. आगाराकडे बसची वेळ बदलण्याचा अर्ज गेला आहे. बस सुरू होईपर्यंत मोहल्ल्यातील दोन वडीलधाऱ्यांनी ओढ्यापर्यंत रोज आळीपाळीने सोबत करण्याचे कबूल केले आहे, त्यांत ते न बोलता गेलेले गृहस्थही आहेत. एका मुलीची सोयरीक ठरली असल्याचे तिच्या घरून कळले. ती चौदा वर्षांची आहे. हा निकाह मी लावणार नाही, असा निरोप मी पाठवला आहे. दुसऱ्या काजींकडे जाऊ, असे उत्तर आले. तेव्हा निरोप पुरेसा नाही. शुक्रवारी मगरिबनंतर मी स्वतः त्यांच्या घरी जाणार आहे, आणि मुलीच्या आईशी बोलण्यासाठी आपाही माझ्याबरोबर येणार आहे. मेहुण्यांनी तिला एसटीने पाठवायचे कबूल केले आहे.